आज कांदा, उद्या कापूस



नव्या मुंबईतल्या घणसोली गावात पूर्वी भात पिकत होता. १९७० साली सिडको आली आणि शहरासाठी जमिनी गेल्या. आज तिथला आगरी शेतकऱ्याचा मुलगा जवळच्या तुर्भे बाजार समितीतून आलेला कांदा किलोने विकत घेतो. कांदा शंभरीला गेला की त्याच्याही घरात कुरकूर होते. त्याच्यावर राग नको. त्याला शेतकऱ्याचा गिऱ्हाईक सरकारनेच केले, आणि त्याचेच नाव पुढे करून सरकार आपला भाव पाडते.

२०१९ साली अवकाळी पावसाने कांदा सडला, भाव चढला. सरकारने २९ सप्टेंबरला निर्यात बंद केली, व्यापाऱ्यांच्या साठ्यावर मर्यादा घातली. नोव्हेंबरात १ लाख २० हजार टन आयातीला मंजुरी दिली. इजिप्त, तुर्कस्तानचा कांदा जहाजांनी आला. खरेदीपेक्षा कमी दराने देऊ केला, तरी बहुतेक राज्यांनी तो उचलला नाही. तोवर आपला नवा माल बाजारात येऊन भाव पडला होता. निर्यात मात्र १५ मार्च २०२० ला सुटली.

परदेशी शेतकऱ्याला चढा भाव द्यायला तिजोरीत पैसा आहे. तोच भाव नाशिकच्या शेतकऱ्याला बाजारात मिळाला तर ती महागाई!

आयातीला आमचा विरोध नाही. दार उघडे ठेवायचे तर दोन्ही बाजूंनी ठेवा. भाव चढला की परदेशी माल आत आणायचा, आपला माल बाहेर जाऊ द्यायचा नाही, आणि भाव पडला की शेतकऱ्याला वाऱ्यावर सोडायचे, हा व्यापार नव्हे, लूट आहे. २०२३ साली पुन्हा तेच झाले. ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरात बंदी. शुल्क पूर्ण उठायला १ एप्रिल २०२५ उजाडला.

तुम्ही म्हणाल, आम्ही कोरडवाहू माणसे, कापूस-ज्वारीवाले. आम्हाला कांद्याचे काय? २०२५ च्या १९ ऑगस्टला कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले, ते ३१ डिसेंबरपर्यंत. वेचणी आणि विक्री नेमकी याच महिन्यांत! पेरणी आपण जुन्या धोरणावर केली, माल नव्या धोरणावर विकावा लागला.

म्हणून जिल्हा बैठकीत एकच ठराव करू : पेरणी झाल्यावर त्या पिकाचे आयात-निर्यात धोरण विक्री संपेपर्यंत बदलता कामा नये. भीक नको, बाजार मोकळा करा. कांदेवाल्याच्या लढ्याला कापूसवाला गेला नाही, तर कापसाच्या वेळी कोण येईल?