फरशीखालची जमीन कोणाची?

नेवासे तालुक्यातील सोनई हे गाव मुळा धरणाच्या उजव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात मोडते. राहुरी तालुक्यात २६ अब्ज घनफूट क्षमतेचे हे धरण बांधले गेले, कालव्याचे पाणी शिवारात खेळले, उसाची लागवड वाढली, मुळा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्यामागोमाग शाळा, महाविद्यालये, बँका, दवाखाने व दुकाने आली. कोरडवाहू बाजरीच्या मुलखातील एक खेडे बाजारपेठेचे गाव बनले. महाराष्ट्रातील अशा सर्वच बाजारगावांत एक विसंगती डोळ्यांत भरते. गावाच्या चहूबाजूंना बारमाही हिरवे शिवार असते. परंतु ज्या ठिकाणी माणसे एकत्र येतात, म्हणजे चौक, बाजारतळ, मंदिरापुढील पटांगण आणि कार्यालयांची आवारे, तेथे मात्र सिमेंट आणि पेव्हिंग ब्लॉक यांचेच राज्य असते. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ‘विकासकाम’ या शब्दाचा अर्थच मुळी मातीवर काहीतरी कठीण अंथरणे असा होऊन बसला आहे. याचे कारण उघड आहे. फरशीचे मोजमाप चौरस मीटरमध्ये करता येते, देयक लवकर निघते आणि फीत कापावयास जागा मिळते. झाड लावल्याचे बिल पहिल्या वर्षी काढता येते खरे, पण त्याची सावली दहाव्या वर्षी पडते आणि तोवर दोन निवडणुका उलटून गेलेल्या असतात.

आता वारे फिरले आहे. राज्य शासनाने २०२० साली ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू केले आणि हिरव्या जागांसाठी गावांना व शहरांना गुण मिळू लागले. जगातही हीच दिशा दिसते. दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सेऊलमध्ये, भर व्यापारी वस्तीतून जाणारा उन्नत मार्ग पाडून त्याखाली गाडलेला ओढा २००५ साली पुन्हा उघडा करण्यात आला. पॅरिसमध्ये २०१७ पासून शाळांच्या आवारांतील डांबर उखडून तेथे माती व झाडे आणली जात आहेत. तेव्हा आपल्याकडील बाजारचौकांवरची फरशी काढून तेथे बागा कराव्यात ही मागणी जोर धरणार आणि ती योग्यच आहे. पण बाग ही वस्तू दिसते तितकी निरुपद्रवी नाही. व्यापारी वस्तीतील मोकळ्या जमिनीचे काय करावयाचे, हा प्रश्न सौंदर्यदृष्टीचा असण्याआधी मालकीचा व उपभोगाचा आहे. महाराष्ट्राला याचा अनुभव दीडशे वर्षांपूर्वीपासून आहे.

मुंबईच्या फोर्ट विभागात, टाऊन हॉलच्या समोर, ‘बॉम्बे ग्रीन’ नावाचे एक विस्तीर्ण पटांगण होते. नाव हिरवळीचे, पण जागा धुळीची. एके काळी येथे कापसाच्या गासड्यांच्या थप्प्या लागत. कापसाचा व्यापार कुलाब्याकडे हलल्यावर तेथे केरकचरा साचू लागला. टाऊन हॉलजवळच्या वडाखाली १८५० नंतरच्या काळात शेअरदलाल जमत. १८७५ साली ज्यांनी आपली संघटना स्थापन केली व पुढे ज्यांचा शेअरबाजार झाला, ती मंडळी हीच. या पटांगणाभोवती एकसारख्या इमारतींचे वर्तुळ उभारावे व मध्ये बाग करावी ही कल्पना पोलीस कमिशनर चार्ल्स फोर्जेट यांची. गव्हर्नर एल्फिन्स्टन व त्यांच्यानंतर बार्टल फ्रिअर यांनी ती उचलून धरली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि मुंबईत पैशाचा पूर आला होता. नगरपालिकेने संपूर्ण जागा खरेदी केली, तिचे भूखंड पाडले आणि ते इंग्रज व्यापारी पेढ्यांना चांगल्या नफ्याने विकले. १८६५ साली युद्ध संपले, कापूस कोसळला, कित्येक पेढ्या बुडाल्या. पण इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि सुमारे अडीच एकरांची बाग १८७२ साली पूर्ण झाली. तिचे नाव पडले एल्फिन्स्टन सर्कल.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा व्यवहार लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. मध्ये बाग होणार म्हणून सभोवतालच्या जमिनीचा भाव वाढला. ही वाढ कोणा व्यापाऱ्याच्या श्रमाची वा कल्पकतेची नव्हती. ती अनर्जित मूल्यवृद्धी होती. तिचा निदान एक भाग सार्वजनिक तिजोरीत आला, याचे श्रेय त्या काळच्या नगरपालिकेला दिलेच पाहिजे. आज शासन बाग करते तेव्हा एवढेही घडत नाही. सार्वजनिक पैशातून झाडे लागतात आणि समोरच्या गाळ्यांचे भाडे दुप्पट होते, ते गाळेमालकाच्या खिशात जाते. परंतु त्याच व्यवहाराची दुसरी बाजूही होती. ज्या पटांगणावर हमाल, गाडीवान, दलाल आणि वाटसरू मुक्तपणे वावरत होते, त्याचे रूपांतर पेढ्यांच्या खिडक्यांतून न्याहाळावयाच्या शोभेच्या वर्तुळात झाले. त्याला लोखंडी कुंपण आले, दरवाजे आले, आणि दरवाजे उघडण्याच्या व मिटण्याच्या वेळा आल्या.

स्वातंत्र्यानंतर या जागेला बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव देण्यात आले. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे हे संपादक जन्माने इंग्रज; १९१९ साली त्यांना सरकारने हद्दपार केले, कारण त्यांचे वृत्तपत्र सरकारला परवडेनासे झाले होते. गव्हर्नराचे नाव पुसून एका हद्दपार संपादकाचे नाव लागले, ही गोष्ट थोर खरी. परंतु नाव बदलले म्हणून दरवाजाच्या वेळा बदलल्या नाहीत. एवढे मात्र मान्य केले पाहिजे, की आज बँका व कचेऱ्यांच्या त्या गजबजाटात दुपारी डबा खाण्यासाठी शिपाई, कारकून आणि कुरिअर वाटणारी मुले यांना जर कुठे झाडाखाली बसता येत असेल तर ते येथेच. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी लावलेल्या झाडांनी मूळ योजनेत नसलेल्या माणसांनाही सावली दिली. ही बाग झाली नसती तर त्या जागेवर आज काय असते, याची कल्पना करणे अवघड नाही.

त्याचे उत्तर गिरणगावाने देऊन ठेवले आहे. मुंबईतील ५८ कापडगिरण्यांखाली सुमारे ६०० एकर जमीन होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात अडीच लाख कामगार उतरले. संप संपल्याचे कोणी कधी जाहीर केले नाही, गिरण्या मात्र संपल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीची ढोबळमानाने तीन भागांत वाटणी केली: एक भाग महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक भाग म्हाडाला घरांसाठी आणि एक भाग मालकाला. १९९६ साली वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि गिरणगावाच्या मध्यावर बागा, घरे व रोजगार यांचे काही एकत्रित चित्र निर्माण होईल अशी आशा वाटू लागली. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली. वाटणी संपूर्ण जमिनीची नव्हे, तर फक्त पूर्वीपासून मोकळ्या असलेल्या तुकड्याची करावयाची, असा तिचा परिणाम झाला. गिरणीच्या आवारात मोकळी जागा असणार तरी किती? उच्च न्यायालयाने २००५ साली जनहित याचिकेवर लोकांच्या बाजूने निकाल दिला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. एका दुरुस्तीने शेकडो एकरांच्या बागा व घरे कागदावरून पुसली गेली आणि त्या जागी मॉल व मनोरे आले. त्यांच्या दारात फरशीची चकचकीत पटांगणे आहेत, कुंड्यांत झाडेही आहेत. फक्त गिरणी कामगाराला तेथे बसू दिले जात नाही.

जी बाग आहे तीही सुरक्षित नसते. वांद्र्याच्या लिंकिंग रोडवर, खरेदीच्या त्या प्रचंड गर्दीत, रावसाहेब पटवर्धन यांच्या नावाचे उद्यान आहे. रावसाहेब आणि अच्युतराव हे पटवर्धन बंधू आपल्या नगरचे. अच्युतराव १९३४ साली स्थापन झालेल्या काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी एक; रावसाहेबांनी उभे आयुष्य स्वातंत्र्यलढ्याला व नंतर लोकशिक्षणाला वाहिले. त्यांच्या नावाच्या उद्यानाखाली मोटारींसाठी तळघर खणण्याची योजना मुंबई महापालिकेने २०२२ च्या सुमारास आखली. रहिवाशांनी विरोध केला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. अशा योजनांचे समर्थक सांगतात, की वर बाग राहील व खाली वाहने राहतील. अमेरिकेतील बॉस्टन शहरात १९९२ साली असेच एक उद्यान झाले, पण तेथे आधी वाहनतळाची इमारत होती व ती पाडून वर बाग केली गेली. आपल्याकडे प्रवास उलट दिशेने चालला आहे. स्लॅबवर अंथरलेल्या दोन-चार हात मातीत गवत वाढते, वड वाढत नाही. पावसाचे पाणीही जमिनीत न मुरता गटारात जाते.

सोनईसारख्या गावाने मुंबईकडून घ्यावयाचा धडा तो हाच. बाजारतळाची फरशी उखडावी. परंतु उखडण्यापूर्वी त्या जागेवर आज कोण बसते, हे पाहावे. आठवडे बाजारात भाजी, कडधान्ये, मिरची, बांगड्या, सुकी मासळी, दोरखंड व पत्र्याच्या वस्तू विकणारी माणसे त्या फरशीवर उन्हात बसतात. चैत्र-वैशाखात सिमेंट इतके तापते, की पोत्याखाली पोते घालूनही बसवत नाही, आणि दुपारी दोनला मेथीची जुडी मान टाकते. झाडाची खरी गरज या माणसांना आहे. पण गावात ‘उद्यान’ करावयाचे ठरले, की प्रथम कुंपण येते, मग कारंजे, मग हिरवळीचा गालिचा, आणि मग ‘फेरीवाल्यांना मनाई’ अशी पाटी. बाजार गावाबाहेर वाऱ्यावर हलविला जातो. पथविक्रेत्यांना संरक्षण देणारा २०१४ चा कायदा नागरी स्वराज्य संस्थांपुरता आहे. ग्रामपंचायतीच्या हद्दीतील विक्रेतीला त्याचाही आधार नाही.

हिरवळीच्या गालिच्याविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण तोच सर्वत्र सौंदर्याचा मानदंड समजला जातो. उन्हाळ्यात लॉनला दर चौरस मीटरला रोज सुमारे पाच लिटर पाणी धरले, तर एकरभर लॉन दिवसाला वीस हजार लिटर पाणी पिते. टंचाईच्या काळात शासन टँकरने माणशी २० लिटर पाणी देते. म्हणजे हे एका हजार माणसांचे पाणी झाले. ज्या जिल्ह्यात कालव्याच्या एका बाजूला ऊस व दुसऱ्या बाजूला टँकर हे दृश्य नवे नाही, तेथे असे उद्यान करणे म्हणजे उसाचीच चूक चौकात आणणे होय. उलट त्याच एकरावर वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडला, तर वीस लाख लिटर पाणी आकाशातून येते. आज ते फरशीवरून वाहून जाते. फरशी काढून जागेला हलका उतार दिला, मध्ये दगडगोट्यांनी भरलेले चर खणले व वड, पिंपळ, कडुलिंब, करंज, चिंच अशी झाडे लावली, तर पहिली दोन-तीन वर्षे सोडल्यास फारसे पाणी घालावे लागणार नाही. झाडांच्या ओळींमधून विक्रेत्यांचे दगडी ओटे ठेवता येतील. बाजाराच्या दिवशी बाजार, एरवी मुलांचे खेळ, म्हाताऱ्यांच्या गप्पा आणि प्रसंगी जाहीर सभाही त्याच सावलीत होऊ शकेल. ज्या बागेत सभा घेता येत नाही ती बाग लोकशाहीच्या उपयोगाची नाही.

पैसा कोठून आणावयाचा, असा प्रश्न नेहमीप्रमाणे विचारला जाईल. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी पंचायतींना दिलेल्या अनुदानापैकी ६० टक्के निधी पिण्याचे पाणी, जलसंधारण व स्वच्छता यांच्याशी बांधील ठेवला होता. तेव्हा पाणी मुरविण्यासाठी सरकारी पैसाच नसतो, असे म्हणता येणार नाही. फरशीसाठी मागणी जाते तशी चर खणण्यासाठी जात नाही, इतकेच. खड्डे खणणे, रोपे जगविणे ही कामे मजुरीची आहेत, आणि मजुरांना कामाचा हक्क कायद्याने देणारे, १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करणारे पहिले राज्य हेच आहे. यंत्राने फरशी बसविणाऱ्या ठेकेदाराला जो पैसा जातो, त्यातील मोठा वाटा वृक्षपालनात गावातील भूमिहीनांच्या हाती पडेल. जिल्ह्याला २०२४ साली अहिल्यादेवींचे नाव मिळाले. त्यांची कीर्ती विहिरी, घाट व धर्मशाळांची आहे, आणि तेथे वाटसरूला तिकीट काढावे लागत नव्हते, याची आठवण योजना आखणाऱ्यांनी ठेवावी.

अशा योजनेचा निर्णय ग्रामसभेत व्हावा, याबद्दल दुमत नाही. पण येथेही एक पेच आहे. बाजारतळावर बसणारी बहुसंख्य माणसे आसपासच्या खेड्यांतून येतात. ती दर आठवड्याला जागेचे पैसे भरून पावती घेतात, म्हणजे एका अर्थाने त्या जमिनीचे भाडेकरू असतात. गावच्या ग्रामसभेत मात्र त्यांना मत नाही. म्हणून ग्रामपंचायतीने आराखडा कागदावर उतरविण्यापूर्वी बाजाराच्या दिवशी, बाजारतळावरच, विक्रेत्यांची स्वतंत्र बैठक घ्यावी, पावती असलेल्या प्रत्येकाचे म्हणणे लिहून घ्यावे आणि ते टिपण ग्रामसभेपुढे वाचून दाखवावे. कोणत्या बाजूला किती वाजता ऊन येते आणि पहिले झाड कोठे लागले पाहिजे, हे त्यांच्याइतके नेमके कोणताही वास्तुविशारद सांगू शकणार नाही.