समुपदेशन म्हणजे तडजोड नव्हे



पोलीस ठाण्यातल्या समाजसेविका ‘केवळ संसार जुळवून देतात’, हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा आक्षेप मला मुळीच मान्य नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात १९८४ साली महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तो हिंसा सोसणाऱ्या बाईच्या बाजूने उभे राहण्यासाठी. नेसत्या वस्त्रानिशी घराबाहेर काढलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी मुलांचे दाखले, रेशनकार्ड, स्वतःचे दागिने हवे असतात. पोलीस सोबत घेऊन ते आणायला कक्षाची कार्यकर्तीच धडपडते. तक्रार नोंदवून घ्या, असा आग्रहही तीच धरते. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याने राहत्या घराचा हक्क दिला खरा, पण अर्जाची वाट त्या बाईला दाखवणार कोण? बंदोबस्ताने पिचलेला हवालदार? अशा कक्षांवर टीका करण्याऐवजी तिथे निवांत बोलता येईल अशी स्वतंत्र खोली आणि कार्यकर्तींना वेळेवर पगार मागा.

– एक वाचक, ठाणे