परवान्याची मुदत आणि आपांचा लॅपटॉप

"सर, ये लॅपटॉप चोरी का तो नहीं ना?"

आपांचा फोन होता. शाळेतल्या वयाने मोठ्या शिक्षिकेला आम्ही आपा म्हणतो. आवाज घाबरलेला. लॅपटॉप त्यांचा नव्हता. उर्दू आणि मराठीचे पूरक साहित्य तयार करण्याच्या एका प्रकल्पासाठी आम्हा सात शिक्षकांना एका संस्थेने लॅपटॉप दिले होते. काम घरून करायचे आणि फाइल ई-मेलने पाठवायची. सहा महिने सारे सुरळीत चालले. मग पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, फिकट अक्षरे उमटली : 'अ‍ॅक्टिव्हेट विंडोज'. पैसे न भरलेल्या कॉम्प्युटरवर असे येते, एवढेच आपांच्या मुलाने सांगितले. चाळीस मुलांची परीक्षा प्रामाणिकपणे घेणाऱ्या बाईंना आपण चोरीच्या मालावर बसलो आहोत असे वाटू लागले. रात्रभर झोप नाही.

दुसऱ्या दिवशी त्या बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे गेल्या. तो म्हणाला, "दोनशे रुपये द्या, कायमचे करून देतो." नशीब, पैसे देण्याआधी त्यांनी मला विचारले.

मी काही कॉम्प्युटरचा माणूस नाही, बी.एड. झालेला भाषाशिक्षक आहे. पण हा प्रश्न मला भाषेच्या अंगानेच उलगडला. लायसन्सला मराठीत आपण परवाना म्हणतो. शब्द फारसीतून आलेला. उर्दूत परवाना म्हणजे लेखी हुकूमही आणि दिव्याभोवती घिरट्या घालणारा पतंगही. आपांच्या लॅपटॉपमधला परवाना हा दुसऱ्या जातीचा होता.

पुष्कळ कॉम्प्युटर असलेल्या संस्था विंडोजचा परवाना घाऊक घेतात. त्यातल्या एका पद्धतीला केएमएस म्हणतात. यात प्रत्येक यंत्राला वेगळी कायमची किल्ली नसते. कार्यालयात एक सर्व्हर असतो आणि बाकीची यंत्रे त्याच्याकडे हजेरी लावतात. हजेरी लागली की १८० दिवसांची मुदत मिळते. यंत्र दर ७ दिवसांनी पुन्हा हजेरी लावायचा प्रयत्न करते आणि लागली की १८० दिवस नव्याने सुरू होतात. कार्यालयातल्या टेबलावरच्या यंत्राला हे कधी कळतही नाही. पण लॅपटॉप तालुक्याच्या गावी, घरच्या वायफायवर असेल तर तो सर्व्हर त्याला दिसतच नाही. इंटरनेट चालू असूनही नाही, कारण तो कार्यालयाच्या आतल्या जाळ्यात असतो. दर आठवड्याला लॅपटॉप दार ठोठावतो, आत कोणी ऐकत नाही, आणि एक दिवस मुदत संपते. आपांनी काही बिघडवले नव्हते. फाइलीही जागच्या जागी होत्या.

असे झाले तर आधी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, तारीख आणि वेळ. जुन्या लॅपटॉपची आतली बॅटरी उतरली की घड्याळ मागे पडते आणि घड्याळात चार तासांहून जास्त फरक असेल तर केएमएस सर्व्हर हजेरी नाकारतो. दुसरी, मुदत. स्टार्टजवळच्या शोधपट्टीत इंग्रजीत 'एसएलएमजीआर', मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि 'एक्सपीआर' लिहिले की परवाना कायमचा आहे की अमुक तारखेपर्यंतचा, हे एका छोट्या चौकटीत येते. तारीख आली तर परवाना कार्यालयाला बांधलेला आहे, असे समजावे. मग व्हीपीएनने कार्यालयाच्या जाळ्यात शिरून 'एक्सपीआर'च्या जागी 'एटीओ' लिहायचे. हजेरी लागते. व्हीपीएन जोडलेले नसेल तर शेवटी एफ०७४ असलेला एक लांबलचक कोड येतो. त्याचा अर्थ एवढाच की सर्व्हर सापडला नाही. विंडोज पुन्हा टाकायची गरज नाही. आपांचा दुरुस्तीवाला नेमके तेच करणार होता, वर एक क्रॅकही बसवणार होता.

क्रॅकबद्दल साळसूदपणे बोलणार नाही. मी स्वतः उर्दू टायपिंग शिकलो ते चोरीच्याच प्रतीवर. तेव्हा अस्सल डीटीपी सॉफ्टवेअरबरोबर डोंगल यायचे आणि ते मालकाच्या कपाटात कुलपात असायचे. आमच्या गल्लीत अस्सल प्रत कोणी पाहिलेलीच नव्हती. पण हा लॅपटॉप माझा नाही, आपांचाही नाही. ती अमानत आहे. शिवाय क्रॅक टाकताना आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात आणि त्याच डिस्कवर मुलांची नावे, जन्मतारखा, गुण असतात. दोनशे रुपयांत कोणाला आत घेतले, हे नंतर कळत नाही.

माझा राग मात्र दुरुस्तीवाल्यावर नाही. संस्थेत फोन केला तेव्हा उत्तर मिळाले : "लॅपटॉप घेऊन या, इथे आणला की आपोआप होईल." तांत्रिकदृष्ट्या अगदी खरे. पण एसटीने जाण्यायेण्यात दोन दिवस, त्यात रजा, आणि भाडे स्वतःच्या खिशातून. तेही एका हजेरीसाठी. लॅपटॉप देताना आमच्याकडून तीन पानांच्या पावतीवर सह्या घेतल्या होत्या. चार्जरचा उल्लेख होता, पिशवीचाही होता. सहा महिन्यांनी परवाना संपेल, हे एकाही ओळीत नव्हते.

संस्थेची बाजू मला कळते. लॅपटॉप हरवतात, माणसे काम सोडून जातात, परवाना आपल्या हातात असावा असे कोणालाही वाटेल. पण मग बाहेर दिलेल्या प्रत्येक लॅपटॉपबरोबर व्हीपीएन द्यायला हवे. नाही तर एमएके नावाची घाऊक किल्ली आहे. ती इंटरनेटवरून एकदाच चालू करता येते आणि पुन्हा हजेरीची भानगड नाही. परवाना विकत घेणाऱ्याने फक्त एवढेच विचारायचे होते की हे यंत्र बसणार कुठे. तो प्रश्न कोणी विचारला नाही आणि त्याची किंमत आपांच्या झोपेने दिली.

मी हे सगळे एका ई-मेलमध्ये मराठीत, शांतपणे लिहून पाठवले. नऊ दिवसांनी आपांना आणि मला व्हीपीएन मिळाले. कोपऱ्यातली अक्षरे गेली. नवी तारीख आपांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे. बाकीच्या पाच जणांचे अजून काही झालेले नाही. त्यातल्या दोघांनी दोनशे रुपये देऊन टाकले.