पंधराशे रुपयांमुळे बाया कामाला येत नाहीत का? चऱ्होली-चाकण पट्ट्यातील मजुरीचा हिशोब

कांद्याची लागवड असो, खुरपणी असो की काढणी, चऱ्होली, आळंदी, मरकळ, चाकण या भागात एक तक्रार हमखास ऐकू येते: "लाडक्या बहिणीचे पंधराशे सुरू झाले, आता बाया कशाला येतील रानात?" दुसरीकडे खुरपायला येणारी बाई विचारते, "महागाई एवढी वाढली, मग हजेरी का वाढत नाही?" आणि कंपनीतला कंत्राटी कामगार म्हणतो, "आमच्या पगारातून कापतात आणि दुसऱ्यांना वाटतात."

तिघेही आपापल्या जागी खरे बोलतात, पण राग एकमेकांवर काढतात. या लेखात आपण आकडे मांडून बघू, की मजूरटंचाईत पंधराशे रुपयांचा वाटा किती, बाकीचा कशाचा, आणि या हंगामात शेतकरी म्हणून आपल्या हातात काय आहे.

योजना नेमकी काय आहे?

'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी 28 जून 2024 च्या अर्थसंकल्पात जाहीर केली. जुलै 2024 पासून ती लागू झाली. मुख्य अटी अशा:

- वय 21 ते 65 वर्षे.
- कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांच्या आत. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असल्यास उत्पन्नाचा दाखला लागत नाही.
- कुटुंबात आयकर भरणारी व्यक्ती नसावी. चारचाकी नसावी, ट्रॅक्टर चालतो.
- सुरुवातीला पाच एकरांची अट होती, ती पुढे काढून टाकली. म्हणजे शेतकरी घरातील बाईही यात बसते.

2024 च्या विधानसभा निवडणुकीत ही रक्कम 2,100 रुपये करण्याचे आश्वासन दिले गेले. त्यानंतर छाननी सुरू झाली. जून 2025 पासून सुमारे 26 लाख 34 हजार लाभार्थ्यांचा लाभ तात्पुरता स्थगित केल्याचे महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी सांगितले. काही ठिकाणी पुरुषांनीही अर्ज भरल्याचे उघड झाले. मग ई-केवायसी आली. त्यात पती किंवा वडिलांचा आधार क्रमांकही मागितला गेला. विधवा, सोडून दिलेल्या आणि वडील हयात नसलेल्या महिला त्यात अडकल्या आणि त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागली. चुकीचा लाभ घेणाऱ्यांमुळे राग वाढला, पण हेलपाटे बसले ते खऱ्या गरजू बाईला.

पंधराशे म्हणजे किती हजेऱ्या?

1,500 रुपये म्हणजे दिवसाला 50 रुपये. समजा तुमच्याकडे बाईची हजेरी 400 रुपये आहे, तर पंधराशे म्हणजे पावणेचार हजेऱ्या. रोजगार हमीचा 2025-26 चा दर 312 रुपये होता. त्या हिशोबाने पाच दिवसांचीही मजुरी होत नाही. एवढ्या पैशात कोणतेही घर महिनाभर चालत नाही, त्यामुळे 'पंधराशेवर बाया घरी बसल्या' हे गणिताला धरून नाही.

तरीही काहीच फरक पडला नाही, असेही नाही. पूर्वी घरात तेल-मीठ संपले की बाई मिळेल त्या दराने, मिळेल त्या कामाला जायची. आता महिन्यातले सगळ्यात वाईट चार दिवस ती टाळू शकते: भर उन्हातले, सर्वात कमी हजेरीचे किंवा पैसे 'पुढच्या बाजाराला देतो' असे सांगणाऱ्याच्या रानातले. म्हणून टंचाई सगळ्यांना सारखी जाणवत नाही. वेळेवर आणि रास्त पैसे देणाऱ्याकडे टोळी येते. कमी देणाऱ्याला ती सगळ्यात आधी सोडते.

मग बाया गेल्या कुठे?

उत्तर चऱ्होलीच्या भूगोलात आहे. चऱ्होली बुद्रुक 1997 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले. इंद्रायणीच्या पलीकडचे चऱ्होली खुर्द खेड तालुक्यात राहिले. बुद्रुकच्या बाजूला शेतजमिनींवर मोठे गृहप्रकल्प उभे राहिले. तिथे धुणी-भांडी, स्वयंपाक, झाडलोट आणि मुले सांभाळायचे काम बारमाही मिळते. पगार थोडा असला तरी सावली असते, महिन्याची तारीख ठरलेली असते आणि पावसाने काम बुडत नाही. थोडे पुढे गेले की चाकणची औद्योगिक वसाहत. तिथल्या मोठ्या वाहन कंपन्यांना माल पुरवणारे शेकडो छोटे कारखाने पॅकिंग, तपासणी, साफसफाई आणि कॅन्टीनसाठी ठेकेदारामार्फत माणसे घेतात.

तुमच्या रानाची स्पर्धा या कामांशी आहे. शेतीचे काम हंगामी: लागवडीला आठवडाभर झुंबड, मग दीड महिना काही नाही. बारमाही सहा-सात हजार आणि हंगामी चारशेची हजेरी यांत बाई बारमाही निवडते, तेव्हा ती आळस करत नसते. ती आपल्यासारखाच हिशोब करते.

रोजगार हमीबद्दलही एक गोष्ट लक्षात घ्या. ती ग्रामीण भागासाठी आहे, महापालिका हद्दीतल्या चऱ्होली बुद्रुकला ती लागूच नाही. तरीही 'रोजगार हमीने मजूर पळवले' असे तिथेही म्हटले जाते. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने मनरेगाऐवजी नवा कायदा केला. त्यात कामाची हमी 125 दिवसांची आहे, पण पेरणी-काढणीच्या काळात वर्षाला मिळून 60 दिवसांपर्यंत कामे थांबवण्याची तरतूदही आहे. ही तरतूद शेतकऱ्यांच्या मजूरटंचाईकडे बघून आली आहे. मात्र त्या दिवसांत मजुराचा पर्याय बंद होतो आणि रास्त हजेरीची जबाबदारी आपल्यावर येते.

रागाचे मूळ: अटींच्या कडा

शेजारणीला मिळते आणि मला नाही, यातून सगळ्यात जास्त कटुता येते. दोन उदाहरणे बघा.

*पहिले: पाचशे की पंधराशे.* जिच्या नावावर सातबारा आहे आणि पीएम-किसान व नमो शेतकरी महासन्मान निधीचे मिळून वर्षाला 12,000 रुपये मिळतात, तिला लाडकी बहीणमधून महिन्याला 500 रुपयेच मिळतात. वर्षाची बेरीज 12,000 अधिक 6,000, म्हणजे 18,000. बिनजमिनीच्या शेजारणीला 1,500 प्रमाणे वर्षाला 18,000. दोघींची रक्कम सारखीच आहे, म्हणून शेतकरी ताईने शेतमजूर ताईवर रागावण्याचे कारण नाही.

खरी विसंगती वेगळीच आहे. जमीन नवऱ्याच्या नावावर असेल, तर त्याला 12,000 आणि बायकोला पूर्ण 18,000, म्हणजे घरात 30,000 येतात. जमीन फक्त बायकोच्या नावावर असेल, तर घरात 18,000. ज्या राज्यात बाईच्या नावे जमीन करण्यासाठी शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम चालवली, तिथे सातबाऱ्यावर बाईचे नाव असलेल्या घराला वर्षाला 12,000 कमी मिळावेत, हे उलटे आहे. तरीही या फरकासाठी सातबाऱ्यावरून बाईचे नाव काढू नका. मालकी आयुष्यभराची असते, योजनेची अट मात्र कधीही बदलू शकते.

*दुसरे: अडीच लाखांची कड.* समजा नवरा चाकणला ठेकेदाराकडे महिना 15,000 वर आहे. वर्षाचे 1,80,000 झाले. बायको सोसायटीत 6,000 वर काम करते, तिचे 72,000. एकूण 2,52,000. मर्यादेपेक्षा 2,000 जास्त म्हणून वर्षाचे 18,000 जातात. दोघेही राबतात म्हणूनच बाहेर पडतात, आणि शेजारचे घर उत्पन्न कागदावर न दिसल्यामुळे आत राहते. कंत्राटी कामगाराच्या रागाचे हे कारण आहे आणि ते समजून घेण्यासारखे आहे. उत्पन्न वाढेल तशी मदत टप्प्याटप्प्याने कमी झाली असती, तर ही कड एवढी टोचली नसती.

'फुकट' कोणाला मिळते?

आपणही हिशोब मांडू. युरियाची 45 किलोची गोणी आपल्याला 266 रुपये 50 पैशांना मिळते, वरचा खर्च केंद्र सरकार कंपनीला देते. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल 2024 पासून मोफत वीज आहे. हे घेण्यात कमीपणा नाही, शेतीला त्याची गरज आहे. मग मजूर बाईच्या पन्नास रुपयांना 'फुकट' म्हणताना हे आठवावे.

कामगाराच्या पगारातून खरेच कापले जाते. महिना दहा हजारांवर पगार असलेल्या पुरुषाचा वर्षाला 2,500 रुपये व्यवसाय कर जातो, महिलांना 25,000 पर्यंत सूट आहे. हा कर 1975 मध्ये आला तोच मुळात रोजगार हमीसाठी. 1972 च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतील या योजनेसाठी शहरातल्या नोकरदाराने गावातल्या मजुराला हातभार लावावा, असे राज्याने ठरवले. त्यामुळे कामगाराच्या बोलण्यात तथ्य आहे.

शेतकऱ्यानेही कामगाराला मदत केली आहे, पण त्याची पावती कुठे मिळत नाही. 8 डिसेंबर 2023 पासून मे 2024 च्या सुरुवातीपर्यंत कांदा निर्यात बंद होती. नंतर 40 टक्के शुल्क, सप्टेंबर 2024 पासून 20 टक्के, आणि ते हटले 1 एप्रिल 2025 ला. शहरात कांदा स्वस्त राहावा यासाठी हे झाले. धान्य-भाजी स्वस्त राहिली की कमी पगारातही कामगाराचे भागते आणि पगारवाढीची मागणी मागे पडते. कमी पगार आणि कमी बाजारभाव एकमेकांना असे धरून आहेत. दोन्हीची झळ बसते ती शेवटच्या खुरपणाऱ्या बाईला, कारण शेतकरी बाकी कोणताच खर्च कमी करू शकत नाही.

हजेरी वाढवली तर कांदा परवडेल का?

नमुना हिशोब असा. एकरी उत्पादन 100 क्विंटल आणि लागवडीपासून पात कापणीपर्यंत 60 बाया लागल्या असे धरू. हजेरी 50 रुपयांनी वाढवली, तर एकरी खर्च 3,000 रुपयांनी वाढतो. म्हणजे क्विंटलला 30 रुपये, किलोला 30 पैसे. बाजारात किलोमागे 5 रुपये पडले, तर त्याच एकरात 50,000 रुपये जातात. तुमच्या वहीतले आकडे घालून हाच हिशोब करा. हजेरीवाढ झेपते, भावातली पडझड झेपत नाही, हे बहुतेकांना दिसेल.

या हंगामात काय करावे?

1. दिवस आधी ठरवा. शेजारच्या तीन-चार शेतकऱ्यांनी लागवडीच्या तारखा मागेपुढे ठेवल्या, तर एकाच टोळीला सलग काम मिळते. सलग काम मिळाले की टोळी टिकते.
2. पैसे त्याच दिवशी द्या. उधार राहिलेली हजेरी हे बाया न येण्याचे मोठे कारण असते.
3. समान कामाला समान हजेरी. बाई-पुरुष असा दरात भेद कायद्याला मान्य नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही ती तरतूद आहे.
4. खुरपणीचा ताण कमी करा. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाची शिफारस अशी आहे: ऑक्सिफ्लोरफेन 23.5 ईसी, 1.5 ते 2 मिली प्रति लिटर पाणी, लागवडीपूर्वी किंवा लागवडीच्या वेळी. त्यानंतर 40 ते 60 दिवसांत एक हात खुरपणी. डब्यावरील सूचना वाचूनच फवारा. मात्र तणनाशकाने वाचलेली हजेरी एखाद्या घरातून कमी होते. वाचलेल्या पैशातला काही भाग उरलेल्या खुरपणीचा दर वाढवायला वापरा.
5. काढणी एकाच दिवसावर आणू नका. पाणी काढणीआधी 10 ते 15 दिवस तोडा, उपटलेला कांदा पातीसह तीन दिवस रानात वाळवा, मग 2 ते 2.5 सेंमी मान ठेवून पात कापा. उपटणे आणि कापणे वेगळ्या दिवशी केल्यास कमी बायांत काम निघते.

कृषी सहायक आणि गटप्रमुखांसाठी

शेतीशाळेत 'मजूर मिळत नाहीत' हा विषय निघाला की चर्चा लाडक्या बहिणीवर जाऊन संपते. तिथे वरील दोन उदाहरणे फळ्यावर मांडा. ज्या ताईंना 500 येतात, त्यांना वर्षाची 18,000 ची बेरीज करून दाखवा. ज्यांचा हप्ता थांबला आहे, त्यांना कारण शोधायला मदत करा: बँक खाते आधारशी जोडलेले आहे का, ई-केवायसी पूर्ण आहे का, पीएम-किसानची नोंद कोणाच्या नावावर आहे. चौकशी अंगणवाडी सेविकेकडे किंवा महिला व बालविकास कार्यालयात होते.

बैठकीला शेतमजूर बायांनाही बोलवा. चऱ्होलीसारख्या गावात सकाळी स्वतःच्या वाफ्यात आणि दुपारी दुसऱ्याच्या रानात खुरपणारी बाई एकच असते. हजेरीचा दर आणि कामाच्या तारखा तिच्यासमोर ठरल्या, तर लागवडीच्या आठवड्यात टोळी शोधत फिरावे लागणार नाही.