गणिताशी गट्टी : पुराच्या पाण्याला काड्यांचा हिशेब

पावसाळा लागला की कोल्हापुरात घरोघरी एकच प्रश्न, "पाणी किती फूट झालं?" कसबा बावड्याजवळ राजाराम बंधारा आहे. तिथली पंचगंगेची पातळी फुटात मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये तर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं.

आता समजा, सरावासाठी २० दिवसांच्या नोंदी अशा आहेत (हे आकडे खरे नव्हेत हं!) :

३३, ३४, ३५, ३६, ३८, ४०, ४२, ४४, ४५, ४३, ४१, ३९, ३७, ३६, ३५, ३७, ३८, ४०, ४१, ३८.

एवढे आकडे पाहून डोकं गरगरतं ना? कुणी म्हणेल, "सरासरी काढा की!" काढू या. बेरीज ७७२, भागिले २०, म्हणजे ३८.६ फूट. इशारा पातळीच्या खालीच! मग काय, निवांत झोपायचं? थांबा. आधी आकड्यांची वर्गवारी करू.

चार-चार फुटांचे वर्ग पाडा. एकेक आकडा वाचा आणि त्याच्या वर्गापुढे एक उभी काडी मारा. चार काड्या झाल्या की पाचवी त्यांच्यावर तिरकी मारायची, म्हणजे पाचाची जुडी झाली. या झाल्या ताळ्याच्या खुणा. त्या मोजून आलेली संख्या म्हणजे त्या वर्गाची वारंवारता.

३१ ते ३४ फूट : २ दिवस
३५ ते ३८ फूट : ९ दिवस
३९ ते ४२ फूट : ६ दिवस
४३ ते ४६ फूट : ३ दिवस
एकूण : २० दिवस

शेवटची बेरीज २० आली. एखादाच आकडा सुटला किंवा दोनदा मोजला गेला असता, तर ती २० आली नसती. हा ताळा कधी विसरू नका.

आता सारणी काय सांगते बघा. तीन दिवस पाणी धोका पातळीला पोचलं होतं! सुतारवाड्यातल्या घरातलं सामान कधी हलवायचं, हे सरासरी सांगत नाही. ते या शेवटच्या ओळीवरून कळतं.

वर्ग कुठे पाडायचे, यालाही महत्त्व आहे. आपण ३९ आणि ४३ पासून नवे वर्ग सुरू केले. त्याऐवजी ४१ ते ४५ असा वर्ग घेतला असता, तर ४१ फुटांचे दिवस आणि ४५ फुटांचा दिवस एकाच डब्यात बसले असते. धोक्याचे दिवस किती, ते कळलंच नसतं.

आपले थोर संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनीही पुराचा असाच अभ्यास केला होता. १९२६ मध्ये ओरिसात मोठा पूर आला. नदीचं पात्र उथळ झालंय, बांध उंच करा, असं तज्ज्ञ म्हणत होते. महालनोबिसांनी कित्येक वर्षांच्या पावसाच्या आणि पुराच्या नोंदी तपासल्या आणि दाखवून दिलं, की पात्र उथळ झालेलं नाही. नदीच्या वरच्या भागात धरणं बांधावीत, असं त्यांनी सुचवलं. त्यांचा जन्मदिवस, २९ जून, आपण २००७ पासून सांख्यिकी दिन म्हणून पाळतो.

आता तुमची पाळी! पावसाळ्यात वर्तमानपत्रात येणारी रोजची पातळी महिनाभर वहीत उतरवा, वर्ग पाडा, काड्या मारा. सारणी झाली की आधी शेवटची ओळ घरच्यांना वाचून दाखवा.