स्वतःला बांधून घेणारे नेतृत्व

अनिश्चिततेच्या काळात समाज नेत्याला भविष्य विचारतो, आणि नेता भाषणात रमणारा असेल तर तो ते सांगूनही टाकतो. महाराष्ट्राला याचा अनुभव आहे. १९६० नंतरच्या दशकात अन्नधान्याची टंचाई तीव्र असताना मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी पुण्यात शनिवारवाड्यासमोर जाहीर केले होते, की दोन वर्षांत राज्य धान्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाले नाही तर आपल्याला फाशी द्यावी. भाषण गाजले. नाईकांची शेतीविषयीची तळमळ खरी होती आणि संकरित बियाण्यांचा प्रसारही त्यांनी नेटाने केला. परंतु पाऊस काही त्या सभेला आलेला नव्हता. १९७० पासून तो लागोपाठ हुलकावण्या देत गेला आणि १९७२ साली निम्मा महाराष्ट्र परदेशी मिलोसाठी रेशनच्या रांगेत उभा राहिला.

नाईकांचे मोठेपण त्या प्रतिज्ञेत शोधणाऱ्यांची आजही वाण नाही. ते शोधावयाचे असेल तर प्रतिज्ञा फसल्यानंतरच्या काळात शोधले पाहिजे. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. खडी फोडणे, पाझर तलाव खणणे, रस्त्यावर मुरूम टाकणे अशी ती कामे. शासनाने हे केले ते केवळ करुणेपोटी नव्हे. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईत स्त्रिया लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या, आणि दत्ता देशमुखांसारखे नेते ग्रामीण भागात दुष्काळग्रस्तांना संघटित करीत होते. विरोधकांनी धारेवर धरावे आणि सरकारने ते ऐकून घ्यावे, असा तो काळ होता. ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी दुष्काळ-निवारणाच्या यशस्वी उदाहरणांत महाराष्ट्राच्या या अनुभवाची पुढे नोंद घेतली, तीही सार्वजनिक दडपणाचे हे महत्त्व सांगूनच.

तरीही दुष्काळी काम हे शेवटी सरकारच्या मर्जीवर निघते आणि मर्जी फिरली की बंद होते. या मर्जीलाच दावे लावण्याची कल्पना ज्यांची, ते वि. स. पागे कधी मुख्यमंत्री झाले नाहीत. १९६० ते १९७८ या काळात ते विधान परिषदेचे सभापती होते. हे पद मानाचे खरे, पण ना हाती खाते, ना तिजोरीची किल्ली. तासगाव तालुक्यात विसापूरच्या परिसरात प्रयोग करून पाहिल्यावर त्यांनी एक साधा विचार नाईकांच्या गळी उतरवला: ग्रामीण भागातील जो प्रौढ अंगमेहनतीचे काम मागेल, त्याला ते देण्याचे बंधन राज्यावर असावे. १९७२ साली योजना जाहीर झाली. दुष्काळी कामांच्या धबडग्यात ती मागे पडली आणि १९७४ पासून पुन्हा मार्गी लागली. आपली कल्पना दुसऱ्याच्या सहीने अमलात येते, याचे वैषम्य न वाटणारा माणूस राजकारणात विरळाच.

आता प्रश्न पैशाचा. घोषणा करणारे पुष्कळ असतात, तिचे बिल कोणाच्या नावे फाडायचे हे सांगणारे थोडे. १९७५ साली शंकरराव चव्हाणांच्या कारकिर्दीत व्यवसाय कर लागू झाला आणि त्याचे उत्पन्न रोजगार हमीच्या निधीसाठी राखून ठेवण्यात आले. कारकून, शिक्षक, वकील, व्यापारी अशा सर्वांच्या मिळकतीतून ही रक्कम घेतली जाऊ लागली आणि तितकीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालावयाची, असे ठरले. ज्यांनी आयुष्यात कुदळ हाती धरली नाही, त्यांनी कुदळ मागणाऱ्याची मजुरी उचलावी, असा हा व्यवहार. त्याविषयी कुरकुर झाली असेल, पण कर मोडून पडला नाही. मुंबईकराला आपल्या पैशाने मराठवाड्यात बंधारा बांधला जातो हे ठाऊक असो वा नसो, तो भरत राहिला. बागायतदारांचा या योजनेला फारसा विरोध झाला नाही, कारण विहिरी, तलाव, रस्ते यांचा लाभ अखेर जमीनवाल्यांच्याच पदरी पडला. परमार्थात थोडा स्वार्थ मिसळला की योजना टिकते, हे येथेही दिसले.

१९७७ साली दोन्ही सभागृहांनी एकमताने कायदा संमत केला, तेव्हा मुख्यमंत्री वसंतदादा पाटील होते. २६ जानेवारी १९७९ रोजी तो अमलात आला, तेव्हा शरद पवार होते. मधल्या सात वर्षांत आणीबाणी येऊन गेली, काँग्रेस फुटली, चार मुख्यमंत्री झाले. योजना मात्र टिकली, कारण ती कोणा एकाची राहिली नव्हती. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम, न दिल्यास बेकारभत्ता, असे कलमच घातले गेले. भत्ता दिवसाला किमान एक रुपया होता आणि तोही सहसा कोणाच्या हाती पडला नाही, हे सांगितले पाहिजे. १९८८ साली मजुरीचे दर सुमारे दुप्पट झाले. त्यानंतर मजुरांची उपस्थिती घसरली ती गरज सरली म्हणून नव्हे. कामेच पुरेशी निघेनात म्हणून. हमीचा शब्द कायम ठेवून तिचा अर्थ काढून घेण्याची ही सरकारी कला जुनी आहे.

२००५ साली केंद्राने देशभर १०० दिवसांची हमी दिली, तिच्यामागे महाराष्ट्राचाच कित्ता होता. २०२०-२१ मध्ये, टाळेबंदीने शहरे बंद पडल्यावर, ११ कोटींहून अधिक लोकांनी या कामांचा आधार घेतला. त्या आपत्तीचे भाकीत कोणी केलेले नव्हते, आणि करण्याची गरजही पडली नाही. मागणी वाढली की काम व निधी वाढविणे कायद्यानेच भाग होते.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवस १०० चे १२५ झाले, ही बाजू ठळकपणे सांगितली गेली. पण शेतीच्या हंगामात ६० दिवसांपर्यंत कामे थांबविण्याची तरतूद आहे. बहुतेक राज्यांना खर्चाचा ४० टक्के वाटा उचलावयाचा आहे. आणि केंद्राने राज्यनिहाय रक्कम आधी ठरवावयाची, त्यावरचा खर्च राज्याने सोसावयाचा, असे नवे सूत्र आहे. दिवसांच्या हिशेबापेक्षा हा बदल मोठा आहे. मागणीने खर्च ठरावा, हा पाग्यांच्या कल्पनेचा कणा होता. येथे खर्चाने मागणी ठरण्याचा धोका आहे. केंद्राने स्वतःचे दावे सैल करून ते राज्याच्या गळ्यात अडकविले आहे.

तेव्हा प्रश्न पुन्हा मुंबईत येतो. व्यवसाय कर आजही वसूल होतो. बहुतेक पगारदारांच्या वेतनातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, असे वर्षाला २,५०० रुपये कापले जातात. ज्या वर्षी बीड, सोलापुरात पाऊस दगा देईल आणि केंद्राची रक्कम दिवाळीपूर्वीच संपेल, त्या वर्षी या कराचा पैसा कामांवर लागणार की नाही, हे राज्यकर्त्यांनी दुष्काळ पडण्याआधी, विधिमंडळात आणि आकड्यांसह सांगावयास हवे.