पुठ्ठ्याची लंका

भोपाळहून ताईचा फोन आला तेव्हा ती निम्मी वैतागलेली, निम्मी काळजीत होती. तिचा धाकटा इंजिनिअर झाला आणि आता म्हणतो, नोकरी नको, सिनेमासाठी मॉडेलं बनवायचीत. भोपाळला हल्ली शूटिंगं होतात. २०१८ च्या 'स्त्री'चं काही चित्रीकरणही तिथंच झालं होतं. अशाच एका सेटवर हा महिनाभर हरकाम्या म्हणून राबून आला आणि तेव्हापासून घरात थर्मोकोलचा चुरा नि प्लास्टरचे डाग. "अगं, स्थळं बघताना काय सांगू? मुलगा खोटे किल्ले बांधतो?" फोन स्पीकरवर होता. आमच्या सासूबाईंनी भाजी निवडता निवडता एवढंच विचारलं, "होट्टि तुंबतदेन?" पोट भरतं का त्यावर?

प्रश्न रास्तच. पण ताईला जे नवं खूळ वाटतं ते आपल्याकडं शंभर वर्षांहून जुनं आहे, आणि त्यातला मोठा कारागीर बेळगावपासून दोन-अडीच तासांवरच्या कोल्हापूरचा.

त्याच्याही आधी दादासाहेब फाळके. बडोद्याच्या कलाभवनात ते चित्रकला, छायाचित्रण नि मूर्तिकाम शिकले होते, म्हणूनच १९१७ साली त्यांना 'लंकादहन' करायचं धाडस झालं. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झाली त्यांची लेक मंदाकिनी. तिच्यासमोरचा कालिया मात्र कुणाच्या तरी हातांनीच घडवावा लागला.

आणि कोल्हापूरचे बाबूराव पेंटर. जन्म १८९०, आडनाव मिस्त्री, शिक्षण असं म्हणाल तर घरच्या कारागिरीचं. भाऊ आनंदरावांबरोबर ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. दोघांनी सिनेमाचा ध्यास घेतला, पण १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून १९१८ च्या सुमारास स्वतःचा कॅमेराच बनवला. महाराष्ट्र फिल्म कंपनीला पैसा पुरवला तानीबाई कागलकर या गायिकेनं. (हे वाक्य कागलकरांनी दोनदा वाचावं.) १९२० च्या 'सैरंध्री'तला कीचकवध इतका खरा उतरला, की लोक हबकले आणि तो भाग काढून टाकावा लागला. लोकमान्यांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. रंगवलेल्या पडद्यांऐवजी खोली-भिंती असलेले भरीव सेट उभे करणं हीसुद्धा त्यांचीच मोठी देणगी.

मॉडेल म्हणजे नुसती छोटी प्रतिकृती नव्हे, हे भाच्यानंच मला समजावलं. भिंत लहान करता येते, पण पाण्याचा थेंब आणि आगीची जीभ लहान होत नाही. छोटी भिंत पटकन कोसळते आणि खेळणं वाटते. म्हणून मॉडेल सोळापट लहान असेल तर कॅमेरा चौपट वेगानं फिरवतात. मग पडद्यावर तीच भिंत सावकाश, वजनानं पडते. आपल्याकडं गोकाकचे चित्रगार हलक्या लाकडाचा आंबा असा रंगवतात, की पाहुण्याचा हात पुढं जातो. कन्नडमध्ये याला कैचळक म्हणतात. तोच शब्द मला या धंद्यासाठी नेमका वाटतो.

आता सासूबाईंचा प्रश्न. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम ही तयार झालेली माणसं बाहेर पडली नि त्यांनी 'प्रभात' काढली. १९३६ चा 'संत तुकाराम' त्याच हातांचा. वैकुंठाचं विमान बघून आमची आजी टीव्हीसमोर हात जोडायची. गुरूची कंपनी मात्र पुढं फार टिकली नाही. बाबूराव अधूनमधून सिनेमे करत राहिले, पण चित्रं आणि पुतळे यांनीच त्यांना अखेरपर्यंत धरून ठेवलं. म्हणजे उत्तर असं, की सिनेमा संपला की काम संपतं, सेट मोडतात, नाव पाट्यांच्या गर्दीत जातं, पण हात शिल्लक राहतो. आजही असे हात वास्तुरचनाकारांच्या प्रतिकृती करतात, संग्रहालयाचे देखावे करतात, गणपतीत दोन महिने झोपत नाहीत.

कॉम्प्युटरनं हे सगळं गिळलं, असं ताई म्हणते. १९९३ च्या 'ज्युरासिक पार्क'नंतर पुष्कळ गिळलं, हे खरं. पण 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'साठी न्यूझीलंडच्या वेटा कार्यशाळेत किल्ल्यांची खोलीभर मॉडेलं बांधली गेली, तीही त्यानंतरच. कॉम्प्युटरवर दगड काढणाऱ्यालाही दगड कुठं झिजतो ते ठाऊक असावं लागतं.

ताईला मी एवढंच म्हटलं, त्याला दोन वर्षं दे, पण हिशेबाची वही ठेवायला लाव. आणि त्याला म्हटलं, आधी तुमच्याच मानव संग्रहालयात जा. तिथं देशभरच्या आदिवासींनी स्वतः येऊन बांधलेली घरं उघड्यावर उभी आहेत. कुडाच्या भिंतीला तडा कुठून सुरू होतो ते बघ, मग थर्मोकोलला हात लाव.

मूकपटांपैकी बहुतेक आज बघायलाही मिळत नाहीत. पण पुढच्या वेळी अंबाबाईला जाल तेव्हा कोल्हापूरच्या शिवाजी चौकात जरा थांबा. १९४५ साली बसवलेला तो शिवछत्रपतींचा अर्धपुतळा बाबूरावांच्या हातचा आहे.